बीसीजीमधला ‘सी’ कोण?

तुमच्या दंडावरचा तो छोटासा व्रण बघा. तो बीसीजीचा. त्यातला ‘सी’ म्हणजे आल्बेर काल्मेट, १८६३ साली नीसमध्ये जन्मलेले फ्रेंच डॉक्टर.

१९०८ पासून लील शहरात, पशुवैद्य गेराँ यांच्यासोबत, त्यांनी गुरांच्या क्षयाचे जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवले. दर तीन आठवड्यांनी नवा काप. महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी खंड नाही. १३ वर्षं, २३० फेऱ्या! जंतू जिवंत राहिले, पण त्यांचं विष उतरलं. १९२१ मध्ये पॅरिसमधल्या बाळाला ही लस तोंडावाटे दिली.

१९३० मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेकमध्ये लस घेतलेली सत्तरहून अधिक बाळं क्षयाने दगावली. तिथल्याच प्रयोगशाळेत लशीत घातक जंतू मिसळले गेले होते. दोष लशीचा नव्हता, पण बोट काल्मेट यांच्याकडेच दाखवलं गेलं. १९३३ मध्ये ते वारले.

एक अडचण मात्र खरीच होती. लशीतले जंतू जिवंत असतात. एड्ससारख्या आजारात प्रतिकारशक्ती ढासळलेल्या बाळाच्या अंगात तेही पसरू शकतात. म्हणून अशा बाळांना बीसीजी देत नाहीत. त्यांना झेपेल अशी लस संशोधक अजून शोधत आहेत.