निगमबोधचे सहा महिने



दिल्लीचा निगमबोध घाट आज सर्वांना स्मशानभूमी म्हणून माहीत आहे. रिंगरोडवरून जाताना धूर दिसतो, यमुना क्वचितच. पण १६५७ साली इथेच एका राजपुत्राचा वाडा होता. काशीहून बोलावलेले पंडित आणि संन्यासी तिथे बसून उपनिषदांचा अर्थ उलगडून सांगत होते आणि तो फारसीत उतरत होता. हे काम चालवणारा राजपुत्र म्हणजे शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह.

तुम्ही विचाराल, भावी बादशहाने यात सहा महिने स्वतः का घालवावेत? हुकूम सोडला असता तर विद्वान कामाला लागले असते. तसे पूर्वी झालेही होते. दाराचे पणजोबा अकबर यांनी महाभारताचे फारसी भाषांतर करवून घेतले, तेव्हा अब्दुल कादिर बदायुनीला त्या कामाला जुंपले. बदायुनी मोठा विद्वान होता, पण परधर्माचे ग्रंथ आपल्या हातून उतरावेत हे त्याला मनापासून नकोसे होते. पुढे रामायणही त्याच्याच वाट्याला आले. त्याने ते पूर्ण केले आणि आपली चीड स्वतःच्या इतिहासात गुपचूप लिहून ठेवली. काम तेच, दरबारही त्याच घराण्याचा. पण बदायुनी राबत होता आणि दारा स्वतःहून बसला होता. हा फरक जरा मनात ठेवा.

दाराचा जन्म १६१५ सालचा, अजमेरचा. तारुण्यात तो आजारी पडला तेव्हा शाहजहान त्याला लाहोरच्या मियाँ मीर या सूफी संतांकडे घेऊन गेला. तो बरा झाला आणि संतांचा कायमचा भक्त झाला. पुढे काश्मीरमध्ये मियाँ मीर यांचे शिष्य मुल्ला शाह यांच्याकडून त्याने दीक्षा घेतली. त्याची बहीण जहाँआरा हीही त्यांचीच शिष्या. दारा सुंदर अक्षर काढी, कविता करी. पत्नी नादिरा बेगमला त्याने चित्रांचा आणि सुलेखनाचा एक संग्रह भेट दिला होता, तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. संतांची चरित्रे त्याने लिहिली, बाबा लाल या वैरागी साधूंशी दीर्घ संवाद केला आणि सूफी व वेदान्त या दोन समुद्रांच्या संगमावर एक पुस्तक लिहिले. काशीचे कवींद्राचार्य सरस्वती, मूळचे आपल्या गोदाकाठचे, त्याच्याच वर्तुळातले. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर माफ करावा म्हणून शाहजहानपुढे रदबदली करणारे ते हेच.

मला वाटते, युवराज म्हणून दाराला फारसे स्वातंत्र्य नव्हतेच. लग्न कोणाशी, मोहीम कुठे, दरबारात आसन कुठे, सगळे ठरलेले. वडिलांच्या तख्ताशेजारी त्याला सोन्याचे आसन मिळाले होते, पण तेही दिलेलेच. पंडितांसोबतची बैठक मात्र त्याची स्वतःची होती. अनेक धर्मग्रंथ वाचूनही ईश्वराच्या एकत्वाचे कोडे त्याला पुरते सुटले नव्हते. उत्तर उपनिषदांत आहे असे त्याला वाटले, आणि मग ते आपल्या भाषेत आणल्याशिवाय त्याला राहवेना. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली ती ओढ तुम्ही जाणताच. दाराची ओढ त्याच जातीची.

सुमारे पन्नास उपनिषदे झाली. ग्रंथाचे नाव ठेवले ‘सिर्र-ए-अकबर’, म्हणजे सर्वांत मोठे रहस्य. मुळात भर घालायची नाही, काही गाळायचे नाही, असा त्याचा दावा होता. तरी ब्रह्मा-विष्णू-महेश यांच्या जागी त्याला जिब्राईल, मिकाईल आणि इस्राफील हे देवदूत दिसलेच. आम्हा भाषांतर करणाऱ्यांना हा मोह ओळखीचा आहे. समोरचा शब्द आपल्या घरातल्या शब्दाला भेटला की हात आवरत नाही.

१६५७ च्या उन्हाळ्यात काम संपले. सप्टेंबरात शाहजहान आजारी पडला आणि भावांत युद्ध पेटले. दाराला संत ठरवण्याची गरज नाही. तो सरदारांचा अपमान करी, खुशामत त्याला आवडे, आणि १६५३ ची त्याची कंदाहार मोहीम फसली होती. १६५८ मध्ये आग्र्याजवळ सामूगढला ऐन लढाईत तो हत्तीवरून उतरला. सैन्याला वाटले, दारा पडला. फळी फुटली. मग वर्षभर पळापळ. वाटेत नादिरा वारली, आणि ज्याचा जीव त्याने कधीकाळी वाचवला होता त्याच मलिक जीवनने त्याला पकडून दिले. औरंगजेबाने त्याला हत्तीवर बसवून दिल्लीच्या बाजारातून फिरवले. लोक रडले, हे फ्रेंच वैद्य बर्निये याने पाहिले. ३० ऑगस्ट १६५९ रोजी त्याला ठार केले. पाखंडाच्या आरोपात त्याच्या लेखनाचा आणि ‘प्रभू’ असे नागरीत कोरलेल्या अंगठीचाही उल्लेख होता. वडिलांची सावली होती तोवरच त्याला मोकळेपणाने लिहिता आले, हेही खरे.

वाणिज्य शाखेत आम्हाला ज्या वर्षाचे उत्पन्न त्याच वर्षात त्याचा खर्च दाखवायला शिकवतात. या ग्रंथाचा हिशेब तसा मांडताच येत नाही. त्याच्या प्रती हातोहात उतरवल्या जात राहिल्या. फारसी शिकलेल्या हिंदू मुनशींनीही उपनिषदे त्यातून वाचली. एक प्रत फ्रान्सला आंकतील द्युपेरों यांच्याकडे पोहोचली. तेही असेच, कोणी न सांगता झिजणारे. गरिबीत राहून त्यांनी तिचे लॅटिन केले आणि ते १८०१-०२ मध्ये छापले गेले. काही वर्षांनी ते शोपेनहावर या जर्मन तत्त्वज्ञाच्या हाती पडले आणि आयुष्यभर त्यांच्या वाचनात राहिले.

दाराला हुमायूनच्या मकबऱ्यात पुरले. तिथे अनेक कबरी आहेत, त्याच्या नावाची पाटी एकीवरही नाही. पण कश्मिरी गेटजवळ, आंबेडकर विद्यापीठाच्या आवारात, त्याचे ग्रंथालय म्हणून ओळखली जाणारी इमारत उभी आहे. मेट्रोने उतरलात तर चालत जाता येते. निगमबोध घाट तिथून जवळच आहे.