फ्रांझ रोझेन्झ्वाइग : वाचा हरपलेला आचार्य

ज्या शिक्षकाची वाणी लोपली, लेखणीही हातून गळाली, त्याच्या विचारांचे पुढे काय होते? ज्यू तत्त्वचिंतक फ्रांझ रोझेन्झ्वाइग यांच्या चरित्रात आम्हांस याचे उत्तर सापडते.

त्यांचा जन्म १८८६ साली जर्मनीतील कासेल येथे झाला. घरात धर्माचरण बेताचेच होते. तरुणपणी ते ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या निश्चयापर्यंत पोहोचले. परंतु १९१३ साली त्यांनी पूर्वजांच्याच धर्मात राहण्याचे ठरविले. पहिल्या महायुद्धात बाल्कन आघाडीवरून पोस्टकार्डांवर लिहून घरी धाडलेल्या मजकुरातून ‘मुक्तीचा तारा’ हा त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला.

विद्यापीठातील पद नाकारून १९२० साली त्यांनी फ्रँकफुर्ट येथे प्रौढांसाठी मुक्त विद्यालय उभारले. तेथे शिकविणाराही विद्यार्थीच असे. १९२२ साली त्यांना असाध्य व्याधी जडली. हळूहळू हातापायांची शक्ती व वाचा गेली. पत्नी एडिथ त्यांच्या खुणांवरून एकेक अक्षर ओळखून लिहून घेत. अशा स्थितीतही मार्टिन बूबर यांच्यासह त्यांनी हिब्रू बायबलचे जर्मन भाषांतर आरंभिले. १९२९ साली त्यांचे निधन झाले.

१९३३ साली नाझी राजवटीत ज्यूंवर विद्येची दारे बंद होऊ लागली, तेव्हा बूबर यांनी तेच विद्यालय पुन्हा उघडले व अपमानित समाजास आधार दिला. भाषांतरही त्यांनी १९६१ साली पूर्णत्वास नेले. मात्र तोवर जर्मनीतील ज्यू समाज संहाराने व देशांतराने उद्ध्वस्त झाला होता.

विद्यार्थीमित्रहो, एकाच्याच मुखी राहिलेली विद्या त्याच्यासवे मावळते. सहाध्यायांत वाटलेली विद्या संकटकाळी समाजाच्या कामी येते.