वर्गाला बोलते करणारे डेरोझिओ

हेन्री डेरोझिओ यांचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात झाला. घराणे पोर्तुगीज वंशाचे. शालेय शिक्षण ड्रमंड नावाच्या स्कॉच शिक्षकाच्या शाळेत झाले. पुढे काही दिवस कारकुनी व भागलपूरला निळीच्या कोठीवर वास्तव्य करून १८२६ साली ते हिंदू कॉलेजात शिक्षक झाले. तेव्हा वय अवघे सतरा !

आपण धडा वाचतो, आपणच अर्थ सांगतो आणि उत्तरेही फळ्यावर लिहून देतो. मुले उतरवून घेतात. वाचलेले त्यांना समजले की नाही, हे परीक्षेपर्यंत कळत नाही. (प्रस्तुत लेखकही याला अपवाद नाही.) डेरोझिओंची रीत निराळी होती. कॉलेज सुटल्यावरही मुले त्यांच्याभोवती जमत. १८२८ च्या सुमारास यातूनच ॲकॅडेमिक असोसिएशन ही सभा निघाली. अध्यक्ष डेरोझिओ, पण निबंध वाचणारे, खोडून काढणारे आणि बाजू सावरणारे विद्यार्थीच. दैव की प्रयत्न, सद्गुण म्हणजे काय, मूर्तिपूजा, देशप्रेम असे विषय असत. आपले म्हणणे खोडले जाणार हे ठाऊक असल्यावर वाचन आपोआप बारकाईने होते.

पालक मात्र बिथरले. मुले धर्म सोडतील या भीतीने काहींनी त्यांची नावे काढली. मुलांच्या हातून अतिरेकही झाला, हे नाकारता येत नाही. एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापक मंडळाची बैठक भरली. डेरोझिओ शिकवण्यास नालायक आहेत, हे बहुमताला पटले नाही. तरी लोकक्षोभ पाहता त्यांना दूर करावे असे ठरले. त्यांचे म्हणणे ऐकूनही घेतले नाही. त्यांनी राजीनामा दिला. नास्तिकतेच्या आरोपाला दिलेल्या उत्तरात त्यांनी स्पष्ट केले की, ह्यूमचे ईश्वरविषयक संशय आपण वर्गापुढे ठेवले. तसेच ह्यूमला रीड व स्ट्युअर्ट यांनी दिलेली उत्तरेही ठेवली. दोन्ही बाजू वाचल्याखेरीज मुलांनी मत बनवू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. मला तर हा आरोपीचा जबाब न वाटता उत्तम पाठाचे टाचण वाटते.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला कॉलऱ्याने त्यांचा अंत झाला. वय बावीस. सभेचे अध्यक्षपद डेव्हिड हेअर यांनी सांभाळले. १८३८ साली रामतनु लाहिरी, प्यारीचंद मित्र आदी शिष्यांनी ज्ञानोपार्जनासाठी नवी सभा काढली. तेथेही सभासदांनी निबंध वाचावयाचे व त्यावर चर्चा करावयाची, असाच क्रम होता.