अनाथ मुलींचे संगीतगुरु फादर विवाल्दी

व्हेनिस नगरीत पिएता नामक अनाथालय होते. त्याच्या भिंतीत एक कोनाडा असे. नकोशी झालेली तान्ही बालके लोक त्यात ठेवून निघून जात. अशा बालकांस आडनाव कोठून असणार? मुलगे वयात आल्यावर एखादा धंदा शिकून बाहेर पडत. मुली बहुधा तेथेच राहत, आणि त्यांतील निवडक मुलींस गायनवादनाचे शिक्षण मिळे.

या संस्थेत इ. स. १७०३ च्या सप्टेंबरात पंचवीस वर्षांचे फादर आंतोनियो विवाल्दी व्हायोलिनचे शिक्षक झाले. त्याच वर्षी त्यांची गुरुदीक्षा झाली होती. केसांच्या रंगावरून लोक त्यांना तांबडा पाद्री म्हणत. छातीच्या विकारामुळे मिस्सा अर्पण करणे त्यांना लवकरच सोडावे लागले. शिकवणे मात्र सुटले नाही.

शिक्षकाची नेमणूक दरवर्षी व्यवस्थापकांच्या मतांवर ठरे. १७०९ साली सहा मते अनुकूल व सात प्रतिकूल पडून फादरांची नोकरी गेली. थोरल्या मुली धाकट्यांस शिकवू लागल्या, मग पगारी शिक्षक कशाला, असा हिशेब असावा. (खर्चास कात्री लागली की प्रथम गायनाचा तास जातो, हे आपणांसही नवे नाही!) दोनच वर्षांनी मंडळाने त्यांना एकमताने परत बोलाविले.

१७१६ साली त्यांनी युदिथेच्या पवित्र कथेवर संगीतनाट्य रचिले. त्यात होलोफर्नेस सेनापतीची भूमिकाही मुलीनेच गायिली. परदेशचे सरदार-दरकदार हे संगीत ऐकावयास येत. मुली जाळीआड उभ्या राहून गात. संस्थेत आन्ना मारिया नावाची एक मुलगी होती. आडनाव नसल्यामुळे तिच्या वाद्याचेच नाव तिला जोडले गेले व ती व्हायोलिनची आन्ना मारिया म्हणून ओळखली जाऊ लागली. फादरांनी खास तिच्याकरिता रचना लिहिल्या. पुढे ती स्वतः तेथे गुरुपदास चढली. कोनाड्यात टाकलेल्या मुलीस कुळाने जे दिले नाही ते व्हायोलिनने दिले, असे मला वाटते.

फादर विवाल्दी २८ जुलै १७४१ रोजी व्हिएन्ना येथे निर्धन अवस्थेत निवर्तले. पुढे दीर्घकाळ त्यांचे नाव मागे पडले. १९२६ साली त्यांच्या हस्तलिखितांची मोठी बाडे उजेडात आली, ती इटलीतील सालेशियन धर्मबंधूंच्या एका विद्यालयात.