जॉर्ज ऑर्वेल : एकट्या माणसाची साक्ष

जॉर्ज ऑर्वेल या टोपणनावाने जगप्रसिद्ध झालेल्या लेखकाचे मूळ नाव एरिक आर्थर ब्लेअर. त्याचा जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतिहारी येथे झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. तान्ह्या वयातच आई त्याला इंग्लंडला घेऊन गेली. ईटनच्या नामांकित विद्यालयातील शिक्षण आटोपल्यावर विद्यापीठाची वाट न धरता १९२२ साली तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून रुजू झाला. सत्ता गाजविणाराही त्या सत्तेचा बंदा होतो, मनातले बोलण्याची मोकळीक त्यालाही उरत नाही, हे त्याने तेथे अनुभवले. पाच वर्षांनी त्या नोकरीवर त्याने पाणी सोडले आणि पॅरिस व लंडन येथील दरिद्री वस्त्यांत दिवस काढून लेखणी हाती धरली.

स्पेनमधील यादवी युद्धात तो फ्रँकोच्या विरोधात लढावयास गेला. मे १९३७ मध्ये एक गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. तो त्यातून वाचला. परंतु मनावर खोल घाव बसला तो स्वपक्षीयांमुळे. ज्या डाव्या गटाच्या पथकात तो लढला, त्यालाच साम्यवाद्यांनी फितूर ठरविले. सहकारी तुरुंगात गेले आणि पत्नीसह त्याला सीमा ओलांडून निसटावे लागले. डोळ्यांदेखत घडलेल्या घटना वृत्तपत्रांत उलट्या छापून येताना त्याने पाहिल्या. हे सत्य सांगणारे त्याचे पुस्तक नेहमीच्या प्रकाशकाने नाकारले. १९३८ साली ते अन्यत्र निघाले, तेव्हा छापलेल्या दीड हजार प्रतीही त्याच्या हयातीत खपल्या नाहीत.

१९४१ ते १९४३ या काळात तो बीबीसीच्या भारतासाठीच्या विभागात होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली युद्धवार्तापत्रे मराठीसह अन्य भारतीय भाषांतूनही प्रक्षेपित होत. मराठी लेखिका वेणू चितळे या तेथे त्याच्या सहकारी होत्या. पुढे ‘ॲनिमल फार्म’ अनेक प्रकाशकांनी परत केले. रशिया तेव्हा ब्रिटनचा मित्र होता. अखेर १९४५ साली ते प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी पत्नी निवर्तली. क्षयाने पोखरलेल्या देहाने, स्कॉटलंडमधील ज्युरा बेटावर त्याने ‘नाइन्टीन एटी-फोर’ लिहिली. तत्पूर्वी रशियन लेखक झाम्यातिन याची ‘वुई’ ही कादंबरी त्याने वाचली होती. तिच्यातील नागरिकांना नावांऐवजी क्रमांक आहेत. ऑर्वेलच्या नायकाला नाव आहे, पण मन राखण्याची मुभा नाही. जुनी वृत्तपत्रे पक्षाच्या सोयीने बदलणे हे विन्स्टन स्मिथचे काम. एका कोऱ्या वहीत तो चोरून दैनंदिनी लिहू लागतो. बंडाची सुरुवात एवढीच. पक्षाला नुसती आज्ञाधारकता पुरत नाही. दोन आणि दोन पाच होतात हे त्याने अंतःकरणापासून मानावे लागते. शेवटी तो मोडतो. ऑर्वेलने वाचकाला खोटा दिलासा दिलेला नाही.

अंथरुणात बसून त्याने स्वतःच हस्तलिखिताची टंकप्रत केली. ८ जून १९४९ रोजी कादंबरी प्रसिद्ध झाली आणि २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले. सोव्हिएत रशियात ती उघडपणे छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. विन्स्टनच्या जगात जुना अंक जसाच्या तसा कोठेच उरत नाही. जुने अंक न बदलता जपणाऱ्या ग्रंथालयाचे मोल त्या एका अभावातून कळते.