एसी माणसांसाठी नाही, कागदासाठी बनला होता! विलिस कॅरियरची गोष्ट

बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि मॉलच्या दारातून आत पाऊल टाकलं की जिवात जीव येतो. आपल्याला वाटतं, ही सगळी थंडाव्याची कमाल. पण निम्मं काम झालेलं असतं ते हवेतलं पाणी काढून टाकल्यामुळे. हे गणित ज्याने सोडवलं, त्या इंजिनिअरचं नाव विलिस कॅरियर.

जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा. न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावचं शेतकरी कुटुंब. लहानपणी विलिसला अपूर्णांक काही केल्या जमत नव्हते. मग आईने सफरचंदं घेतली, त्यांच्या फोडी केल्या आणि त्यावरून बेरीज-वजाबाकी शिकवली. अवघड प्रश्नाचे आधी तुकडे करायचे, ही सवय त्याला तिथे लागली.

१९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर होऊन तो बफेलो फोर्ज या कंपनीत लागला. पगार आठवड्याला १० डॉलर.

पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या एका छापखान्याची तक्रार कंपनीकडे आली. तेव्हा रंगीत छपाईत एकेक रंग वेगळा छापला जायचा. दमट दिवसात कागद ओल शोषून फुगायचा, कोरड्या दिवसात आकसायचा. मग दुसरा रंग पहिल्यावर नीट बसायचाच नाही. कागद वाया आणि कामही रखडलेलं.

हे काम २५ वर्षांच्या विलिसकडे आलं. गार पाण्याच्या ग्लासवर बाहेरून थेंब जमतात ना, तेच त्याने वापरलं. थंड पाण्याच्या नळ्यांवरून पंख्याने हवा सोडायची. हवेतलं बाष्प नळ्यांवर थेंब होऊन जमणार आणि हवा कोरडी होणार. १७ जुलै १९०२ ची तारीख असलेले त्याचे आराखडे आधुनिक एसीची सुरुवात मानले जातात.

पण खरी युक्ती सुचली ती पिट्सबर्गच्या रेल्वे स्टेशनवर, धुक्यात ट्रेनची वाट बघताना. धुक्यातली हवा पाण्याने पूर्ण भरलेली असते, पण हवा जेवढी थंड, तेवढं तिच्यात पाणी कमी मावतं. म्हणजे हवा थंड पाण्याच्या फवाऱ्यातून नेली, तर जास्तीचं पाणी ती तिथेच सोडेल. फवाऱ्याचं तापमान ठरवलं की हवेतलं बाष्पही ठरलं! ऐकायला उलटं वाटतं, पण त्याने पाण्यानेच हवा कोरडी केली. १९०६ मध्ये त्याला या यंत्राचं पेटंट मिळालं. १९११ मध्ये त्याने तापमान आणि आर्द्रतेची सूत्रंही मांडली.

१९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसोबत त्याने स्वतःची कंपनी काढली. तोपर्यंत गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः कारखानेच. मोठ्या यंत्रांत बऱ्याचदा अमोनिया असायचा. तो विषारी, त्यामुळे गर्दीच्या जागी वापरणं धोक्याचं. १९२२ मध्ये कॅरियरने जास्त सुरक्षित आणि आटोपशीर यंत्र आणलं. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात ते बसवलं गेलं. पहिल्या दिवशी प्रेक्षक हातपंखे घेऊनच आले होते. हळूहळू ते पंखे थांबले. उन्हाळ्यात ओस पडणाऱ्या थिएटरांना गर्दी खेचायचा मार्ग मिळाला.

आज मॉल-ऑफिसातली मोठी यंत्रणाही याच पायावर उभी आहे. सेन्सर तापमान मोजतो, त्यानुसार थंड पाण्याचा व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडतो आणि पंख्याचा वेग बदलतो. हवा नळ्यांवरून सावकाश गेली की ती जास्त थंड होते आणि जास्त पाणी सोडते. म्हणून तर घरच्या एसीत ‘ड्राय मोड’ला पंखा हळू फिरतो.

७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरियर गेला. तेव्हा अमेरिकेतही बहुतेक घरांत एसी नव्हता. यंदा पावसाळ्यात हवा गार असूनही अंग चिकट होत असेल, तर तापमान १८ वर नेण्याआधी ते ड्राय मोडचं बटण दाबून बघा.