आन लू-शान : एका बंडाची किंमत

दिवाळीत आपण घरावर रोषणाई करतो. या शब्दातील ‘रोशन’ फारसीतून मराठीत आला. मध्य आशियातील सोग्दियन भाषेत त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा ‘रोखशान’ हा शब्द होता. अर्थ तोच, तेजस्वी. अलेक्झांडरची पत्नी रोक्साना हिचे नावही याच कुळातले. इसवी सन ७०३ च्या सुमारास चीनच्या ईशान्य सीमेवर जन्मलेल्या एका मुलाला हेच नाव मिळाले. चिनी लेखनिकांनी ते ‘लू-शान’ असे लिहिले. या तेजस्वी नावाच्या माणसाने पुढे त्या काळातील एका अत्यंत वैभवशाली साम्राज्याला आग लावली, आणि त्या आगीची झळ त्याच्याच समाजाला सोसावी लागली.

सोग्दियन हे आजच्या उझबेकिस्तान व ताजिकिस्तानातून वाहणाऱ्या झरफशान नदीच्या खोऱ्यातील लोक. समरकंद, बुखारा, पंजिकंत ही त्यांची नगरे. मोठे साम्राज्य त्यांनी कधी उभारले नाही. व्यापाराचे जाळे मात्र असे विणले, की कित्येक शतके चीन व पश्चिम आशिया यांच्यामधील खुष्कीचा व्यापार प्रामुख्याने त्यांच्याच हातून झाला. रेशीम, कस्तुरी, चांदीची भांडी, घोडे आणि गुलामही त्यांच्या तांड्यांबरोबर फिरत. त्याच तांड्यांतून बौद्ध, मानी आणि झरथुष्ट्री विचारही पूर्वेकडे गेले. सिंधू नदीच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या उत्तर पाकिस्तानातील शतियाल येथे, या प्रवाशांनी खडकांवर कोरलेले शेकडो सोग्दियन लेख अद्याप वाचता येतात. दुनहुआंगजवळच्या एका टेहळणी बुरुजात ऑरेल स्टाइन यांना १९०७ मध्ये त्यांची पत्रे मिळाली. चौथ्या शतकाच्या आरंभीच्या या पत्रांपैकी एकात युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या लुओयांगची वार्ता आहे, तर दुसऱ्यात नवऱ्याने परमुलखात टाकून दिलेल्या स्त्रीचा संताप आहे.

चीनमध्ये स्थायिक झालेल्या या लोकांना त्यांच्या मूळ नगरावरून आडनावे मिळत. समरकंदचा तो ‘कांग’, बुखाऱ्याचा तो ‘आन’. लू-शानचा पिता कांग कुळातील सोग्दियन, तर आई तुर्क. ती देवऋषीपण करीत असे. पिता लवकर वारला. आईने आन कुळातील पुरुषाशी दुसरा विवाह केला. तुर्कांच्या मुलखातील धामधुमीमुळे या कुटुंबाला चीनच्या हद्दीत आश्रय घ्यावा लागला, आणि मुलाने सावत्र पित्याचे आडनाव धारण केले.

यिंगझोउच्या सीमेवरील बाजार हीच त्याची शाळा. चिनी, तुर्क, खितान, सोग्दियन असे नाना प्रकारचे लोक तेथे देवघेवीसाठी येत. लू-शानला सहा भाषा अवगत होत्या असे चिनी बखरी सांगतात. तो दुभाषा आणि दलाल बनला. दोन परक्यांमध्ये उभे राहायचे, दोघांचेही मन ओळखायचे आणि सौदा जुळवायचा, हे त्याचे काम. पुढे दरबारात जे यश त्याला मिळाले, त्याचे रहस्य या बाजारी शिक्षणात आहे.

एकदा मेंढ्यांच्या चोरीत तो पकडला गेला. देहदंड समोर दिसत असताना त्याने सीमेवरील सेनापती झांग शोउग्वे याला पटवून दिले, की शत्रूशी लढण्यासाठी आपल्यासारखा माणूस जिवंत ठेवणेच फायद्याचे. सेनापतीने त्याला सैन्यात घेतले आणि पुढे मानसपुत्रही मानले. ७३६ मध्ये एका मोहिमेत उतावीळपणामुळे त्याचा पराभव झाला आणि त्याला शिक्षेसाठी राजधानीकडे पाठवण्यात आले. मंत्री झांग ज्यूलिंग याने देहदंडाचा आग्रह धरला, परंतु थांग सम्राट श्वानझोंग याने जीवदान दिले. मृत्यूच्या दारातून तो दुसऱ्यांदा परतला.

त्यानंतरची त्याची चढती कमान केवळ दैवाची नव्हती. महामंत्री ली लिनफू याला आपल्या पदासाठी स्पर्धक नको होते. चिनी सेनापती विजयी होऊन परतले की मंत्रिपदावर हक्क सांगत. परकीय वंशाच्या सेनानींना ती वाट जवळजवळ बंदच होती. म्हणून सीमेवरील मोठी सैन्ये त्यांच्या हाती सोपवण्याचा सल्ला त्याने सम्राटाला दिला. एका माणसाने आपली खुर्ची राखण्यासाठी योजलेल्या या युक्तीने साम्राज्याची तलवारच दुसऱ्याच्या हाती गेली. लू-शानला ७४२ मध्ये पिंगलू, ७४४ मध्ये फानयांग आणि ७५१ मध्ये हेदोंग अशा तीन सीमाप्रांतांचे सेनापतिपद मिळाले. तिन्हींचे मिळून कागदोपत्री सुमारे १ लाख ८० हजार सैनिक होते. आजचे बीजिंग ज्या जागी आहे, तेथील फानयांग हे त्याचे मुख्य ठाणे. तेथून तो सोग्दियन व्यापाऱ्यांना निरनिराळ्या प्रांतांत पाठवी आणि त्यांच्या नफ्यातून शस्त्रे व वस्त्रे जमवी.

छांगआनच्या दरबारात मात्र तो भोळा, विनोदी रानगडी म्हणून वावरला. देह अवाढव्य, पोट गुडघ्यांपर्यंत लोंबणारे. तरीही सोग्दियन गिरकीनृत्य तो वाऱ्याच्या वेगाने करी. त्या काळी राजधानीला परदेशी नृत्य, संगीत व वेशभूषा यांचे वेड लागले होते. सम्राटाची लाडकी यांग ग्वेईफेई हिने तर त्याला दत्तक पुत्र मानले. ज्या परकेपणावर दरबार हसत होता, तोच परकेपणा त्याने ढालीसारखा वापरला.

ली लिनफूच्या मृत्यूनंतर ग्वेईफेईचा नातलग यांग ग्वोझोंग महामंत्री झाला. त्याचे आणि लू-शानचे हाडवैर. अखेर १६ डिसेंबर ७५५ रोजी, यांग ग्वोझोंगचे पारिपत्य करण्याच्या निमित्ताने, लू-शानने फानयांगहून कूच केले. महिनाभरात लुओयांग पडले. ७५६ च्या आरंभी त्याने स्वतःला यान राजवंशाचा सम्राट घोषित केले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात छांगआनही पडले. पळून जाणाऱ्या सम्राटाच्या अंगरक्षकांनी वाटेत यांग ग्वोझोंगला ठार केले आणि ग्वेईफेईचाही बळी घ्यायला लावला.

सिंहासनाचे सुख लू-शानला लाभले नाही. दृष्टी गेली, अंगभर गळवे झाली, संतापाला आवर राहिला नाही. ७५७ च्या जानेवारीत त्याचा पुत्र आन छिंगशू याच्या संमतीने, नित्य मार खाणाऱ्या सेवकानेच बिछान्यात त्याचे पोट फाडले. पलंगाखालीच खड्डा खणून प्रेत पुरण्यात आले. बंड मात्र त्याचा बालमित्र शी सिमिंग आणि नंतर त्याचा पुत्र यांनी ७६३ पर्यंत चालू ठेवले. ७५५ च्या जनगणनेत सुमारे ५ कोटी २९ लाख माणसांची नोंद होती. ७६४ मध्ये ती १ कोटी ६९ लाखांवर आली. ही सारी माणसे मेली नव्हती. नोंदी ठेवणारी यंत्रणाच मोडली होती. तरीही संहाराची कल्पना यावी.

या बंडाची किंमत सोग्दियनांनी वेगळ्या रीतीने मोजली. ७६० मध्ये यांगझोउला सरकारी फौजेने हजारो अरब व इराणी व्यापारी कापून काढले. पुढच्याच वर्षी फानयांगमध्ये परकीयांची कत्तल झाली, आणि केवळ नाक उंच म्हणून माणसे मारली गेली. ‘आन’ हे अक्षर इतके अप्रिय झाले, की ते असलेली काही गावांची नावेही बदलण्यात आली. थांग घराण्याला त्याच्या उदयकाळात मदत करणाऱ्या कुळातील आन चोंगझांग हा सेनानी बंडखोरांविरुद्ध लढत होता. बंडखोराशी आडनाव जुळते याची लाज वाटून त्याने सम्राटाकडे नवे नाव मागितले आणि तो ली बाओयू झाला. या काळानंतरच्या समाधिलेखांत अनेक सोग्दियन कुटुंबे समरकंद-बुखाऱ्याचा उल्लेख टाळून आपले मूळ चीनमध्येच दाखवू लागतात. सीमेवरील सैन्य माघारी बोलावल्याने पश्चिमेकडील मुलूख तिबेटी सत्तेच्या हाती गेला, आणि तांड्यांची जुनी वाटही तुटली.

लू-शानचे चरित्र त्याच्या शत्रूंनी लिहिले आहे, हे विसरून चालणार नाही. त्यातील लठ्ठ, कपटी रानटी माणूस हे अर्धे चित्र आहे. तो कपटी होताच; परंतु त्याला मोठे करणारे हात चिनी दरबाराचेच होते. त्याच्या अपराधाचे प्रायश्चित्त मात्र तांडे हाकणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, कोणाच्याही सिंहासनावर डोळा नसलेल्या माणसांच्या माथी आले. त्यांची लिपी पुढे उइगुरांनी उचलली आणि त्यांच्याकडून ती मंगोलांकडे गेली. त्यांच्या भाषेची एक शाखा ताजिकिस्तानच्या याघ्नोब खोऱ्यातील डोंगरी कुटुंबांत अजून बोलली जाते. चीनमधील त्यांचे वंशज मात्र आपल्या आडनावात एकेकाळी एक शहर होते, हे हळूहळू विसरून गेले.